कारखान्यात, पॅकहाऊसमध्ये, हॉटेलात पॉश प्रशिक्षण नीट कसं घ्यावं: नाशिकच्या मालकांसाठी आणि एचआरसाठी

डिसेंबर जवळ आला की एचआर मंडळींचे फोन सुरू होतात. "मॅडम, एक तासाचं पॉश सेशन घेऊन द्या, फोटो आणि सर्टिफिकेट लागणार आहे." फोन सातपूरहून येवो, अंबडहून येवो की सिन्नरहून, मागणी साधारण हीच असते. पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. या कायद्याखाली कंपनीतल्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून काम करते आणि ही प्रशिक्षणंही घेते. त्या फोनवर मी आधी एकच गोष्ट विचारते: सकाळी तुमच्या गेटमधून किती माणसं आत येतात? मस्टरवर नावं किती आहेत ते नको, गेटमधून आत येणारी माणसं सांगा.

हा आकडा पटकन सांगता आला नाही, तर प्रशिक्षणाची सुरुवात सभागृह बुक करण्यापासून करू नका. हा लेख त्याच्या आधीपासून सुरू होतो.

कायदा काय मागतो

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध, मनाई आणि निवारण करणारा कायदा 2013 चा. त्याचे नियमही त्याच वर्षीचे, आणि दोन्ही 9 डिसेंबर 2013 पासून लागू आहेत. त्यामागे 1997 चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आहे आणि त्या निकालामागे राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी. सरकारी कार्यक्रमात 'साथीन' म्हणून काम करताना बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. मानधनावर गावोगाव फिरणाऱ्या एका बाईमुळे हा कायदा आला, ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगावी असं मला वाटतं. वातानुकूलित ऑफिसपुरता हा कायदा नाही, हे त्यातून आपोआप कळतं.

प्रशिक्षणाची जबाबदारी कलम 19 मध्ये आहे. मालकाने ठरावीक काळाने कर्मचाऱ्यांसाठी जाणीवजागृतीच्या कार्यशाळा घ्यायच्या आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांसाठी वेगळं प्रशिक्षण ठेवायचं. नियम 13 मध्ये त्याचा तपशील आहे: लैंगिक छळाविरुद्धचं धोरण तयार करून सगळीकडे पोचवणं, समिती सदस्यांची कौशल्यं वाढवणारे कार्यक्रम, कर्मचाऱ्यांसाठी जागृती आणि संवाद, सदस्यांची नावं आणि संपर्क जाहीर करणं, राज्य सरकारांनी तयार केलेल्या अभ्यासघटकांचा वापर.

किती तास, वर्षातून किती वेळा, प्रशिक्षक कोणत्या पदवीचा, यातलं काहीही कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणून कोणी 'सरकारमान्य अनिवार्य सर्टिफिकेट' म्हणून काही विकत असेल, तर ते कोणत्या कलमाखाली अनिवार्य आहे एवढं त्याला विचारा. कायद्याला तुमच्याकडची माणसं माहितगार असणं हवं आहे. पाळीत काम करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारलं, की तुला त्रास झाला तर कोणाकडे जाशील, आणि तिला एक नाव सांगता आलं, तर प्रशिक्षण झालं. या एका कसोटीवर पुढची सगळी पावलं आखलेली आहेत.

पाऊल पहिलं: माणसं मोजा

कायद्यातली 'कर्मचारी' ही व्याख्या फार रुंद आहे. कायम, तात्पुरते, रोजंदारीवरचे, प्रोबेशनवरचे, शिकाऊ, अप्रेंटिस, बिनपगारी स्वयंसेवक, ठेकेदारामार्फत आलेले, हे सगळे त्यात येतात. ठेकेदाराने माणूस आणला हे मूळ मालकाला माहीत नसलं तरी तो माणूस कर्मचारीच. पीडित महिला तर तुमच्याकडे नोकरीला असायलाच हवी असंही नाही. बँकेच्या कामाला आलेली, नमुने घ्यायला आलेली, मुलाखतीला आलेली मुलगीही तक्रार करू शकते.

एक मोठा कागद घ्या आणि त्यावर यादी करा. कायम कामगार. कंत्राटी हेल्पर, ठेकेदारानुसार वेगळे. आयटीआयमधून आलेले अप्रेंटिस. सिक्युरिटी. हाऊसकीपिंग. कँटीन. कंपनीच्या बसचे चालक. माल चढवणारे हमाल. महिन्यातून दोनदा येणारा मशिन दुरुस्तीवाला. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: किती जण, कोणत्या पाळीत, कोणाच्या हाताखाली, घरात कोणती भाषा बोलतात.

भाषेचा रकाना नाशिकमध्ये फार महत्त्वाचा आहे. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या बागांत आणि पॅकहाऊसमध्ये येणाऱ्या कितीतरी बाया पेठ-सुरगाण्याच्या असतात, त्या आपसात कोकणी, म्हणजे कोकणा आदिवासींची बोली, बोलतात. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याकडची माणसं अहिराणीत बोलतात. अंबडच्या शेडमध्ये उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार हिंदी-भोजपुरी बोलतात. प्रमाण मराठीतलं सत्र या सगळ्यांना थोडंफार समजतं, पण या विषयातले प्रश्न माणूस विचारतो ते घरच्या भाषेतच.

दुसरा रकाना 'कोणाच्या हाताखाली' याचा. ज्याच्या एका शब्दावर उद्याची हजेरी ठरते तो माणूस तिथे लिहा. बऱ्याच ठिकाणी तो एचआर नसतो, मॅनेजरही नसतो. तो मुकादम असतो, लाइन लीडर असतो, नाहीतर पिकअप गाडीत कोणाला बसवायचं हे ठरवणारा चालक. प्रशिक्षणाच्या यादीतून नेमकी हीच माणसं सुटतात.

ही यादी झाली की 'दहा'चा प्रश्नही सुटतो. दहा किंवा जास्त कामगार असले की अंतर्गत समिती बंधनकारक. हा आकडा सगळ्या कामगारांचा आहे, बायकांचा नाही. "आमच्याकडे तीनच बायका आहेत, समिती कशाला" हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता पहिल्याच भेटीत ही व्याख्या वाचून दाखवते.

पाऊल दुसरं: समिती आधी, सत्र नंतर

समिती नसताना जागृतीचं सत्र घेऊ नका. बायांना हक्क सांगायचा आणि तक्रार घ्यायला कोणीच नाही, हे क्रूर आहे.

लेखी आदेश काढा. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला. कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य, शक्यतो महिलांच्या प्रश्नांवर काम केलेले किंवा कायद्याची जाण असलेले. एक सदस्य बाहेरचा, म्हणजे महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची माहिती असलेला. एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. सातपूरला एक युनिट आणि सिन्नरला दुसरं असेल तर दोन्हीकडे वेगळी समिती. वरिष्ठ पदावर महिलाच नसेल तर तुमच्याच दुसऱ्या शाखेतून आणि तेही शक्य नसेल तर दुसऱ्या संस्थेतून अध्यक्ष नेमण्याची सोय कलम 4 मध्ये आहे. त्यासाठी कनिष्ठ क्लार्क मुलीला अध्यक्ष करू नका. तिच्यासमोर प्लांट मॅनेजर जाब देणारा म्हणून बसला, तर तिची काय अवस्था होईल याचा विचार करा.

बाहेरचा सदस्य का हवा, हे विशाखा निकालातच सांगितलं आहे: वरिष्ठांकडून दबाव येऊ नये म्हणून. तेव्हा कंपनीचा नेहमीचा वकील, मालकाची मेहुणी किंवा पगारपत्रकं बनवणारा सल्लागार या जागी बसवणं म्हणजे ती जागा रिकामी ठेवल्यासारखंच आहे. बाहेरच्या सदस्याला मानधन आणि प्रवासखर्च द्यायचा असतो. नियमात दिवसाला 200 रुपये आहेत. त्यापेक्षा जास्त द्यायला कोणी अडवलेलं नाही.

आदेश काढला की त्याची प्रत आणि छळाचे दंडात्मक परिणाम ठळक जागी लावायचे. रिसेप्शनमधली इंग्रजी फ्रेम कामगाराला दिसतच नाही. कँटीन, महिलांची कपडे बदलण्याची खोली, पॅकिंग हॉल, कंपनीची बस, हजेरीचं मशिन, या जागा निवडा. समितीच्या सदस्यांचे फोटो लावा, कारण वाचता न येणाऱ्या बाईला फोटो ओळखता येतो. आणि फलक फक्त बायकांच्या खोलीत नको. पुरुषांनी तो रोज बघायला हवा.

धोरण दोन पानांचं पुरे. नेटवरून उतरवलेलं चाळीस पानी इंग्रजी धोरण कोणी वाचत नाही. काय चालणार नाही, तक्रार कोणाकडे, किती दिवसांत काय होईल, तक्रारदाराला त्रास दिला तर काय होईल, एवढं मराठीत आणि हिंदीत लिहा.

पाऊल तिसरं: कामगारांचं सत्र

एका वेळी पंचवीस-तीस जण. वेळ चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, तीही पाळीच्या तासांत. सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी सुटल्यावर बोलावलं की बायांची घरी जायची गाडी चुकते आणि सगळं लक्ष घड्याळाकडे लागतं. रात्रपाळीचं सत्र रात्रपाळीतच घ्या. पीसरेटवर, म्हणजे नगाप्रमाणे मजुरीवर, काम करणाऱ्यांचा तेवढा वेळ बुडतो, त्याची मजुरी द्या. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये हंगाम जानेवारी ते एप्रिल असतो. तिथे डिसेंबरमधलं वार्षिक सत्र निरुपयोगी, कारण तेव्हा टोळ्या आलेल्याच नसतात. टोळी आली की पहिल्या आठवड्यात सत्र, हा नियम ठेवा. 2027 च्या सिंहस्थासाठी हॉटेलं, लॉज, केटरर, सफाईचे ठेकेदार शेकड्याने तात्पुरती माणसं घेतील. त्यांनाही हेच लागू: कामावर घेतानाच पंधरा मिनिटं बसवून सांगा आणि फोन नंबर असलेलं कार्ड हातात द्या.

स्लाइड नकोत. व्याख्या वाचू नका. प्रसंग सांगा आणि विचारा, हे बरोबर की चूक, आणि का? माझ्या अनुभवात पुढच्या प्रसंगांनी सगळी व्याख्या उलगडते.

टोळीचा मुकादम एका बाईला म्हणतो, "रविवारी माझ्याबरोबर त्र्यंबकला चल, नाहीतर उद्यापासून गाडीत जागा नाही." इथे हात लावलेला नाही, अश्लील शब्द नाही. तरी हा छळ आहे, कारण कामाचं आमिष किंवा कामावरून काढण्याची धमकी लैंगिक मागणीला जोडली आहे. कलम 3 मध्ये हेच आहे.

सीएनसी मशिनवर नवीन आलेल्या अप्रेंटिस मुलीला सीनियर ऑपरेटर शिकवतो. प्रत्येक वेळी तिच्या मागे उभा राहून तिचा हात हातात धरून. ती काही बोलत नाही. इथे हमखास वाद होतो. पुरुष म्हणतात, "तिने सांगायला पाहिजे होतं." बायका गप्प होतात आणि मग एखादी म्हणते, "सांगितलं तर शिकवणार कोण?" ही चर्चा घाईने संपवू नका. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे लोकांना एकमेकांकडूनच समजू द्या.

पाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकराला द्वयर्थी विनोद, त्यात पाच बाया सदस्य. ग्रुप कामाचा आहे, म्हणून मेसेज घरी बसून टाकला तरी प्रश्न कामाच्या ठिकाणचाच.

नाशिकरोडहून सिन्नरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चालक आरशातून एकाच मुलीकडे बघत राहतो, उतरताना वाट अडवतो. मालकाने दिलेलं वाहन हे कायद्याने कामाचं ठिकाण आहे. चालक ट्रॅव्हल्सवाल्याचा असला तरी.

गेटवर माल घेऊन आलेला ट्रकचालक सिक्युरिटीच्या बाईशी घाण बोलतो. तो कंपनीचा नाही. तरी बाहेरून येणाऱ्यांपासून सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि तिला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हीसुद्धा.

शेवटी एक उलटा प्रसंग अवश्य ठेवा. सुपरवायझर एका बाईला सगळ्यांसमोर रागावतो, "चार पेट्या परत आल्या, लक्ष कुठं असतं?" हा उद्धटपणा असेल, वेगळी तक्रार होऊ शकेल, पण लैंगिक छळ नाही. ही रेघ स्पष्ट दाखवली की सभागृहातल्या पुरुषांचे खांदे खाली येतात आणि ते ऐकू लागतात. कामाबद्दल बोलायलाच बंदी आहे असा समज घेऊन ते बाहेर पडले, तर पाळीत त्याचा राग बायांवरच निघतो.

"खोटी तक्रार केली तर?" हा प्रश्न प्रत्येक सत्रात येतो. तो टाळू नका. तक्रार जाणूनबुजून खोटी, आकसाने केलेली असल्याचं चौकशीत सिद्ध झालं तर कारवाई होते, कलम 14 मध्ये तरतूद आहे. पण पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिलं आहे. दोन्ही वाक्यं एका दमात सांगा. नुसतं पहिलं सांगितलं तर बाया घाबरतात, नुसतं दुसरं सांगितलं तर पुरुष.

पुरुष कामगारांना त्रास झाला तर? हा कायदा महिलांच्या तक्रारींसाठी आहे. पुरुषांच्या तक्रारींसाठी कंपनी आपल्या सेवानियमांत सोय करू शकते, आणि ती करावी असं माझं स्पष्ट मत आहे. कोवळ्या वयाच्या हेल्पर पोरांना होणारा त्रास शॉप फ्लोअरवर सगळ्यांना माहीत असतो, त्यावर बोलत मात्र कोणी नाही.

सत्राची शेवटची दहा मिनिटं फक्त बायांसाठी ठेवा, पुरुषांना आणि एचआरला बाहेर पाठवून. समितीतली महिला सदस्य तिथे बसू द्या. त्या दहा मिनिटांत काय विचारलं गेलं, कोणी विचारलं, याची कुठेही नोंद करू नका.

पाऊल चौथं: सुपरवायझर, मुकादम, ठेकेदार

यांना कामगारांबरोबर बसवलं तर दोन्ही गट तोंड उघडत नाहीत. त्यांना वेगळे दोन तास द्या. बाई पहिल्यांदा बोलते ती बहुतेकदा यांच्यापैकीच कोणाशी तरी, म्हणून तेव्हा काय म्हणायचं याचा सराव त्यांच्याकडून करून घ्या. "तो तसाच आहे, लक्ष देऊ नको," "मी बोलतो त्याच्याशी," "नवऱ्याला सांगितलंस का?" ही तीन वाक्यं बंद. त्याऐवजी: "तू सांगितलंस हे बरं केलंस. समितीच्या ताईंचा हा नंबर. लिहायला अडचण असेल तर त्या लिहून घेतील." परस्पर तडजोड करायची नाही, पाळी बदलायची नाही, चहाच्या टपरीवर बोलायचं नाही.

ठेकेदाराबरोबरच्या करारात तीन अटी घाला: नवीन माणूस आला की त्याला सत्राला पाठवणं, समितीने बोलावल्यावर हजर राहणं, आणि तक्रार केलेल्या बाईला कामावरून न काढणं. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. कंत्राटी बाईला नोटीस लागत नाही, पत्र लागत नाही. "उद्यापासून येऊ नको" एवढं पुरतं. ही अट करारात नसेल तर बाकीच्या प्रशिक्षणावर तिने विश्वास का ठेवावा?

मालक आणि संचालकांनी कामगारांच्या एका तरी सत्रात सुरुवातीची पाच मिनिटं उभं राहून बोलावं. भाषण नको. "आमच्याकडे हे चालणार नाही, माझ्याविरुद्ध तक्रार असेल तर जिल्ह्याच्या समितीकडे जा" एवढं. मालकाविरुद्धची तक्रार खरोखरच जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि ते मालकाच्या तोंडून ऐकलं की लोकांना त्याचं वजन कळतं.

पाऊल पाचवं: समितीचं प्रशिक्षण

इथे बहुतेक कंपन्या सगळ्यात कमी वेळ देतात आणि चौकशी न्यायालयात गेल्यावर सगळ्यात जास्त त्रास इथूनच होतो. 12 मे 2023 च्या ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घाईघाईत उरकलेली चौकशी रद्द करून प्रकरण परत पाठवलं, आणि समिती सदस्यांना नियमित प्रशिक्षण द्यायला सांगितलं. छळ झालेला असूनही पद्धत चुकली म्हणून बाईला पुन्हा पहिल्यापासून जावं लागणं, हे टाळता येण्याजोगं आहे.

समितीला सुरुवातीला एक पूर्ण दिवस द्या, नंतर दर सहा महिन्यांनी अर्धा दिवस. त्या दिवसाचा निम्मा वेळ लुटुपुटूच्या चौकशीत घालवा. एक काल्पनिक तक्रार लिहून आणा, सदस्यांपैकी एकीला तक्रारदार करा, एकाला प्रतिवादी, आणि बाकीच्यांना चौकशी चालवू द्या. पहिल्याच दहा मिनिटांत कोणीतरी विचारतं, "तू तिथे एकटी का गेली होतीस?" तिथेच थांबा आणि त्या प्रश्नावर बोला.

कालमर्यादा त्यांना तोंडपाठ हव्यात, म्हणून त्या फलकावर लिहून पाठ करून घ्या. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत. अडचण असेल तर समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार मिळाल्यावर सात कामाच्या दिवसांत प्रतिवादीला प्रत. त्याचं उत्तर दहा कामाच्या दिवसांत. चौकशी 90 दिवसांत पूर्ण. त्यानंतर दहा दिवसांत अहवाल मालकाकडे. मालकाने साठ दिवसांत अंमलबजावणी करायची. अपील 90 दिवसांत.

चौकशीच्या बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. दोघांनाही आपली बाजू मांडायची, साक्षीदार आणायची आणि कागद बघायची संधी हवी. समेट फक्त तक्रारदार महिलेने स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही. चौकशी चालू असताना तिने लेखी मागितलं तर कोणा एकाची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, किंवा तिच्या कामाचं मूल्यमापन प्रतिवादीकडून काढून घेणं, अशी शिफारस समिती करू शकते. बदली म्हटली की बाईलाच हलवायचं, ही सवय मोडा.

दोन गोष्टी प्रशिक्षणात नेहमी सुटतात. तक्रारदार अठरा वर्षांखालची असेल, आणि अप्रेंटिसमध्ये तसं होऊ शकतं, तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं. आणि गुप्तता: नाव, तक्रार, साक्ष, शिफारस, काहीही बाहेर गेलं तर फोडणाऱ्याला दंड आहे. नाशिक अजूनही एवढं लहान आहे, की अंबडमधली गोष्ट संध्याकाळी सिडकोच्या चौकात पोचते. समितीच्या कागदांना वेगळं कुलूप असलेलं कपाट द्या आणि त्याची चावी एचआरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

दहापेक्षा कमी माणसं असतील तर

क्लिनिक, कोचिंग क्लास, बुटिक, छोटं वर्कशॉप, पाच माणसांचं वकिलाचं ऑफिस. इथे अंतर्गत समिती लागत नाही, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुका आणि वॉर्ड पातळीवर तक्रार घेणारे समन्वय अधिकारी असण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण कलम 19 ची कर्तव्यं 'प्रत्येक मालका'ची आहेत, म्हणून जागृती तुम्हालाही करायचीच आहे. स्थानिक समितीचा पत्ता आणि संपर्क जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातून लिहून आणा आणि भिंतीवर लावा. शेजारच्या सात-आठ गाळ्यांनी मिळून एकच सत्र घेतलं तर खर्चही वाटला जातो. निमा, आयमासारख्या उद्योजकांच्या संघटनांकडे हे काम एकत्र करण्याची मागणी जरूर करा.

नोंदी आणि वार्षिक अहवाल

हजेरीपटात तारीख, पाळी, भाषा, ठेकेदाराचं नाव, सही किंवा अंगठा. विषयाची चार ओळींची टिपण. पुरे. अंतर्गत समितीने दर कॅलेंडर वर्षाचा अहवाल मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला द्यायचा असतो. त्यात पाच गोष्टी: आलेल्या तक्रारी, निकाली काढलेल्या, 90 दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित, घेतलेल्या कार्यशाळा, झालेली कारवाई. जानेवारीतच पाठवून पोच घ्या. एकही तक्रार नसेल तरी अहवाल जातो. कंपनी कायद्याखाली नोंदणी असेल तर संचालकांच्या अहवालातही समितीबद्दल विधान लागतं, आणि 14 जुलै 2025 पासून तक्रारींचे आकडेही. समितीची माहिती अशा तक्रारींसाठीच्या केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर भरा. समिती न नेमल्यास किंवा इतर तरतुदी मोडल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा दुप्पट आणि परवाना रद्द होण्याचीही शक्यता.

सत्रानंतरची पहिली तक्रार

चांगल्या सत्रानंतर तक्रार येते. काही मालक तेव्हा मला फोन करून विचारतात, "आधी कधी काही नव्हतं, आता एकदम कसं?" आधीही होतं, फक्त सांगायला जागा नव्हती. त्या दिवशी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा.

तक्रार ज्या सदस्याकडे आली त्याने तारीख-वेळ टाकून पोच द्यायची. लिहिता येत नसेल तर तिच्याच शब्दांत लिहून घेऊन, वाचून दाखवून, अंगठा घ्यायचा. तिने सांगितलेली शिवी जशीच्या तशी लिहायची, सभ्य करायची नाही. तिला आज घरी सुरक्षित जाता येईल का, उद्याची पाळी कोणाबरोबर आहे, हे विचारायचं. पोलिसांत जायचं असेल तर तो हक्क वेगळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली गुन्हा नोंदवता येतो, आणि त्यासाठी मदत करणं ही मालकाची जबाबदारी. 112 आणि महिलांसाठीचा 181, हे दोन्ही नंबर तिला द्यायचे. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवायला आयटीवाल्याला सांगायचं, कारण बऱ्याच ठिकाणी ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मग अध्यक्षांनी त्याच आठवड्यात समितीची बैठक लावायची आणि बाहेरच्या सदस्याला त्याच दिवशी फोन करायचा.

ती बाई कंत्राटी असेल तर आणखी एक काम आहे. ठेकेदाराला लेखी कळवा, की चौकशी संपेपर्यंत तिचं नाव मस्टरवर राहील, आणि महिनाभर रोज सकाळी स्वतः मस्टर बघा.